वीस अंश

आइली राउतिओ निवृत्त होतेय, म्हणून डीनच्या ऑफिसातून
एक फॉर्म आला: दोन ओळींत आठवण लिहा.
मी डार्करूमचा तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं
तिच्यासाठी रसायनं कालवली.
दोन ओळींत काय मावणार, डोंबल?

ती आली तेव्हा लेक सुपिरिअर गोठलेलं होतं,
दाराशी बर्फ कमरेएवढा,
आणि गाडीच्या डिकीत तिचा एन्लार्जर,
घोंगडीत गुंडाळलेला, तान्ह्या पोरासारखा.
पहिलं वाक्य: "नळाचं पाणी किती अंशांवर येतं इथं?"

वडील लोहखनिजाच्या धक्क्यावर कामाला होते.
दिवसभर जहाजात लाल माती ओतायची,
रात्री ती त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर उतरायची.
आइलीनं तो धक्काच धरून ठेवला.
सात हिवाळे, एक खिडकी, एक तिपाई,
दर रविवारी वीस सेकंद फिल्म.
सहाव्या वर्षी धक्का पाडायला घेतला,
तिनं कॅमेरा बोटभरही हलवला नाही.
शेवटची दोन मिनिटं नुसतं पाणी आहे
आणि पाण्यावर
जिथं काहीतरी होतं, ती जागा.

मिनिआपोलिसला दाखवला तेव्हा नऊ माणसं.
त्यातला एक मी, एक प्रोजेक्टरवाला,
एक थंडीतून उबेला आत शिरलेला.
तोच शेवटपर्यंत जागा होता. बाहेर पडताना म्हणाला,
"तिसऱ्या हिवाळ्यात दोर ओढणारी ती बाई कोण?"
आइलीनं तिला कधी पाहिलंच नव्हतं.
रात्रभर मोटेलच्या पलंगावर
आम्ही रीळ दिव्यासमोर धरून सरकवत बसलो.
सापडली. तिळाएवढी. पाठमोरी.
त्यानंतर आइली वर्गात सांगायची:
तुम्ही काढलेला फोटो आधी दुसऱ्याला वाचू द्या.

समितीनं विचारलं, वर्षाला प्रदर्शनं किती?
ती म्हणाली, थंडीत शटर गोठतं.
बढती चार वर्षं लांबली.
मग शिकागोच्या एका संग्रहालयानं अकरा प्रिंट घेतले
आणि त्याच समितीनं तिचं नाव माहितीपत्रकावर छापलं,
स्पेलिंग चुकवून.

नवरा, वॉरेन, भला माणूस, बॅग घेऊन निघाला तेव्हा
तिनं त्याला दारातून पुन्हा एकदा जायला सांगितलं.
उजेड बरोबर नव्हता म्हणे.
तो गेलाही, पुन्हा. हे मला त्यानंच सांगितलं,
हसत, आणि मग बराच वेळ न हसता.
तो फोटो तिनं कधी लावला नाही. निगेटिव्ह मी पाहिलीय.
उजेड पहिल्या वेळचाच चांगला होता.

पोरांना पहिले तीन आठवडे कॅमेरा नाही.
खिडकीशी बसा, लिहा: काय दिसत नाहीये?
बरीचशी दुसऱ्या आठवड्यात विषय बदलायची.
नोएल बोदेत राहिली, लाकूडतोड्याची मुलगी,
वहीभर एकच लिहिलेलं, "वारा, वारा, पुन्हा वारा."
आइलीनं तिला पैकीच्या पैकी दिले
आणि स्वतःचा लाइट मीटर.

आता ही खोली जाणार. सिंक उखडून
तिथं थ्रीडी प्रिंटर बसवणार आहेत.
काल ती आली, एप्रन न घालता.
भिंतीवरचा थर्मामीटर मागितला, आठवण म्हणून.
मी कबूल करून टाकलं:
बारा वर्षं तो अर्धा अंश जास्त दाखवतोय.
नवा मागवायचा राहिला. मग सांगायचं राहिलं.

"माहीत होतं," ती म्हणाली,
काच बाहीला पुसत.
"मी मनात वजा करायचे."

फॉर्म अजून टेबलावर आहे.
एका कोपऱ्यावर फिक्सर सांडलंय.